कचरूची खुर्ची आणि माझा उजवा गाल

४ डिसेंबर २०२४, बुधवार

आज कचरूच्या खुर्चीत बसल्या बसल्या तोंडावर वीज पडली. लिहून परत वाचलं, खोडावंसं वाटलं, पण दुसरा शब्द सापडत नाही. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. खड्ड्यात गाडी आदळून तीनदा डोकं छताला लागलं, एकदा शहागडच्या पुलावर दारात उभा असताना बोट दारात चेमटलं. असलं कधी झालं नव्हतं.

कचरूचं सलून तीर्थपुरीच्या बाजारतळाच्या कोपऱ्यावर आहे. अठ्ठावीस वर्षं मी त्याच्याकडे बुधवारी आणि रविवारी दाढी करतो. ड्यूटी परगावी असली की दाढी वाढायची, पण दुसऱ्याचा वस्तरा गालाला लागू दिला नाही. पुष्पा म्हणते, लग्नाच्या बायकोशी इतकं इमान राखलं असतं तर सोनं झालं असतं. दाढी झाली की कचरू डोक्याची चंपी करतो आणि शेवटी हनुवटी धरून मान एकदा इकडे, एकदा तिकडे अशी कडकन फिरवतो. याला तो ‘मान मोकळी करणं’ म्हणतो. गावातले निम्मे लोक दाढीसाठी जातच नाहीत, मानेसाठी जातात.

आज मान मोकळी झाली, मग त्यानं तोंडावरून तुरटी फिरवली. उजव्या ओठाच्या कोपऱ्याला तुरटी टेकली आणि गेली वीज, गालावरून सरळ डोळ्याखाली. मी खुर्चीतून वीतभर उडालो.

“लागलं का काई, तात्या?”

“न्हाई. डास चावला.”

कचरूनं तुरटी खाली ठेवली. मग एकदम गप्प झाला. एरवी त्याचं तोंड बंद करायला घंटी मारावी लागते.

७ डिसेंबर, शनिवार

चार दिवसांत किती वेळा झालं ते मोजणं सोडलं. दात घासताना होतं. भाकरीचा पहिला घास चावताना होतं. सकाळी दार उघडल्यावर गार वारा लागला तरी होतं. पाच-सात सेकंद जीव जातो आणि मग काहीच नाही, साधं दुखतसुद्धा नाही. बाहेरून गाल बघावा तर गुटगुटीत.

विचार केला आणि कारण सापडलं. शेंबड्या पोराला कळेल असं आहे. कचरूनं मान फिरवली आणि अर्ध्या मिनिटात वीज आली. मानेतली एखादी नस सरकली असणार.

पण हे कचरूला सांगायचं नाही. सांगितलं तर तो हाय खाईल, आणि गावाला कळलं तर त्याच्या खुर्चीवर माश्या बसतील. पुष्पाच्या पोटात तीळ भिजत नाही, म्हणून तिलाही सांगणार नाही. तिला अजून काहीच कळलेलं नाही. आज भाकरी दुधात कुस्करून पुढ्यात ठेवली. म्हणाली, “आज भाकर कडक झाली जरा.” मला तर मऊच दिसली.

११ डिसेंबर, बुधवार

दाढीला गेलो नाही. बाजारातून किराणा आणायचा होता, तेव्हा कचरूच्या दुकानावरून जायला नको म्हणून मागच्या बोळानं गेलो. तरी तिरका दिसलाच. दारात उभं राहून रस्त्याकडे बघत होता. आत बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं बसलेली आणि खुर्ची रिकामी. गिऱ्हाईक ताटकळत ठेवून दारात उभं राहायचं, हा कसला धंदा. वय झालं त्याचं.

१६ डिसेंबर, सोमवार

परतूरला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. मानेची नस असली तरी मुक्काम दाढेत असू शकतो, असं मला वाटलं. डॉक्टर पोरगेलासा होता. फोटो काढला, दाढ ठोकून बघितली आणि म्हणाला, “काका, दाढ एकदम चांगली आहे.”

मी म्हणालो, “चांगली असंल, पण काढा.”

तो म्हणाला, “चांगली दाढ कशी काढू? हे दाताचं दुखणं वाटत नाही मला. नसांच्या डॉक्टरला दाखवा.”

एकतीस वर्षं मी विनातिकीट लोकांशी वाद घातलाय, माझ्यापुढे हा काय टिकणार. अर्धा तास बसलो, तिथून हललो नाही. शेवटी माझी सही घेऊन काढली. येताना गाडीत फार बरं वाटत होतं. अर्धं तोंड बधिर होतं म्हणून असेल.

१९ डिसेंबर, गुरुवार

दाढ गेली, वीज राहिली.

पुष्पानं विचारलं, “दुखायचं थांबलं का?” मी हो म्हणालो. तिनं मान हलवली आणि भात जरा जास्तच मऊ शिजवला.

२४ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते आठवून मी एकटाच हसतोय, आणि हसताना उजवी बाजू सांभाळतोय.

तीन आठवड्यांत दाढी चांगली वाढली. आमच्याकडे माणूस कारणाशिवाय दाढी वाढवत नाही. नवस असतो किंवा पण असतो. कुणी देवळाचा कळस होईपर्यंत वाढवतो, कुणी पोराला नोकरी लागेपर्यंत. त्यामुळे चहाच्या हॉटेलावर माझ्या दाढीवर चर्चा होतीच. बद्रीनाथ ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. गावातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण त्यांना गोष्ट घडायच्या आधी ठाऊक असतं. ते माझ्यापुढे बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “कंडक्टरसाहेब, लपवू नका. साडेसहाच्या जालना गाडीसाठी हाय ना हे?”

ती गाडी रस्त्यावरच्या पुलाच्या कामामुळे दीड वर्ष बंद आहे. कॉलेजच्या पोरींचे फार हाल होतात, हे खरं. पण मी कसला नवस किंवा पण केलेला नव्हता. ‘न्हाई हो’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून वारा आला आणि वीज कडाडली. मी डोळे गच्च मिटले, खळकन पाणी आलं, शब्द फुटेना.

सगळं हॉटेल माझ्याकडे वळलं. बद्रीनाथांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बघा,” ते लोकांना म्हणाले, “गाडीचं नाव काढलं तर माणसाच्या डोळ्यांत पानी आलं. रिटायर झाला तरी जीव गाडीतच हाय.”

नाही म्हणणार होतो. पण घरी येताना विचार केला, हे बरंच झालं. दाढी का वाढवली, कचरूकडे का जात नाही, दोन्हींना एकच उत्तर. खोटं मी बोललो नाही. मी तर काहीच बोललो नाही.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

गाडीच्या अर्जावर पावणेतीनशे सह्या झाल्या. पहिली माझी. कॉलेजच्या पोरी मला रस्त्यात नमस्कार करतात. अवघड झालंय.

आज कचरूच्या दुकानाला नवी पाटी दिसली, खडूनं लिहिलेली: ‘मालिश बंद. मान मोकळी करून मिळणार नाही.’ मी लांबूनच वाचली. ज्याच्यावर दुकान चालतं तेच बंद केलं. परतूर रोडला बबलूनं एसी सलून टाकलंय, तिथं मशीननं मालिश होते म्हणे. त्याचा राग कचरूनं स्वतःच्याच धंद्यावर काढला असणार. शहाणपण शिकवायला जावं तर माझंच तोंड जागेवर नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. कचरूच्या बायकोनं तीळगूळ पाठवला. दरवर्षी तिच्या वड्या अशा कडक असतात की खलबत्ता लागतो. यंदा भुगा करून पाठवला, वर दुधाचा हात. पुष्पा म्हणाली, “कचरूभाऊनी सांगितलं म्हणं, तात्यांना चावायला जड जाऊन राह्यलं.”

म्हणजे मी दाढ काढली ते गावभर झालंय. पुष्पाच्या पोटात तीळ भिजत नाही ते आजच्या सणाला सिद्ध झालं.

पण तीळगूळ द्यायला तो स्वतः आला नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाईट वाटलं. वाईट म्हणजे चांगलंच वाईट वाटलं, जेवण गेलं नाही. मीही गेलो नाहीच म्हणा.

१८ जानेवारी, शनिवार

संध्या म्हणजे माझी लेक, जालन्याला दिलेली. ती अचानक गाडी घेऊन दारात उभी. म्हणाली, “बाबा, कपडे घाला. नसांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय.” हिला कुणी सांगितलं ते समजेना. पुष्पा तेव्हा तुळशीला पाणी घालत होती.

डॉक्टर सालेहा. वय चाळीसच्या आत, बोलणं गोड. तपासताना कापसाच्या बोळ्यानं ओठाला नुसतं टेकवलं आणि मी खुर्चीसकट मागे गेलो. त्यांनी बोळा लगेच बाजूला ठेवला. “बस, काका. बराबर कळलं मला. आता हात नाही लावत.” त्यांनी एमआरआय करायला पाठवलं आणि दुपारी फोटो समोर धरून समजावलं.

कानाच्या आतल्या बाजूनं चेहऱ्याची एक मोठी नस निघते. तिला तीन फाटे. एक कपाळाला, दुसरा गालाला, तिसरा जबड्याला. स्पर्श, गार, गरम, दुखणं, सगळी खबर याच नसेनं मेंदूला जाते. मी म्हणालो, म्हणजे तीन रूट आणि डेपो एक. त्या म्हणाल्या, “बिलकुल. आणि तुमचा लोचा डेपोच्या गेटवर आहे.” नस मेंदूत शिरते तिथं एक रक्ताची नळी तिच्यावर टेकलीय. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ती घासते. घासून घासून नसेवरचं वेष्टन गेलं. मग उघड्या वायरीसारखं होतं. वारा लागला, घास लागला, साधा हात लागला तरी मेंदूला खबर जाते ती मार बसल्याची.

मग मी ते विचारलं, ज्याच्यासाठी सहा आठवडे तोंड बंद ठेवलं होतं. “मानेमुळं झालं का? मान मोकळी करताना?”

“कोण करतं?”

“एक दोस्त हाय.”

“या वयात मान तशी फिरवून घेऊ नका, ते वेगळ्या कारणानं धोक्याचं आहे. पण या दुखण्याचा मानेशी काही संबंध नाही. ही नळी किती वर्षांपासून तिथं बसलीय, कोण सांगणार. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी दात घासताना उठलं असतं.” मग त्यांनी माझ्या तोंडात बॅटरी मारली आणि रिकामी जागा बघून उसासा टाकला. “दाढ काढूनच आलात. माझ्याकडे येणारे किती तरी जण असेच येतात.”

गोळी दिलीय ती मिरगीची. मी दचकलो, तर म्हणाल्या, नसेचा उधळलेला करंट शांत करते म्हणून देतात, तुम्हाला मिरगी नाही. हळूहळू वाढवायची, मनानं बंद करायची नाही, अंगावर पुरळ आलं तर लगेच फोन करायचा, मधून मधून रक्त तपासायचं. गोळीनं भागलं नाही तर नळी आणि नस यांच्या मध्ये गादी ठेवायचं ऑपरेशन असतं.

परत येताना मी गाणं म्हणत होतो. संध्या म्हणाली, “इतकं मोठं दुखणं निघालं आणि तुम्ही खूश?” तिला काय सांगू. कचरूच्या हाताचा गुन्हा नव्हता.

२४ जानेवारी, शुक्रवार

गोळीनं पहिले तीन दिवस घर बोटीसारखं हलत होतं. चौथ्या दिवशी मी न घाबरता चूळ भरली. आधी तीसेक वेळा वीज यायची, काल चार वेळा आली. पुष्पानं परत पोळी वाढली. ती खाताना मला रडू आलं, ते तिनं बघितलं आणि बघितलं नाहीसं केलं.

आज कचरूकडे गेलो. म्हणजे दुकानासमोरच्या पानटपरीपर्यंत गेलो. त्यानं मला बघितलं आणि लगेच पाठ करून आरसा पुसायला लागला. मी तिथूनच परत फिरलो.

खरं लिहायचं तर पाय वळले ते त्याच्या पाठीमुळे नव्हे. ‘तुझी चूक नाही’ हे सांगायचं तर ‘मी तुझी चूक धरली होती’ हे आधी कबूल करावं लागतं. अठ्ठावीस वर्षं ज्याच्या वस्तऱ्यापुढे गळा उघडा ठेवला त्याला हे कोणत्या तोंडानं सांगू.

३० जानेवारी, गुरुवार

पूल झाला. साडेसहाची गाडी सोमवारपासून सुरू. पुलाचं काम संपलं म्हणून गाडी सुरू झाली, माझ्या दाढीनं काही केलेलं नाही, हे मी बद्रीनाथांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, “मोठी माणसं असंच म्हणतात.”

सोमवारी स्टँडवर गाडीला हार घालायचा आणि तिथंच सगळ्यांसमोर माझी दाढी उतरवायची, असं ठरलंय. गोळी चालू असली तरी वस्तरा तो वस्तराच.

“कचरूच्याच हातानं,” बद्रीनाथ म्हणाले. आणि मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, मला जे जमेना ते गावानं जमवलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

कचरूनं नाही म्हटलं.

बद्रीनाथ दुपारी येऊन सांगून गेले. आधी म्हणाला, सोमवारी सलून बंद असतं, आजवर सोमवारी हत्यार उचललं नाही. बद्रीनाथांनी फार धरलं तेव्हा म्हणाला, “माझा हात तात्याच्या तोंडाला लागणार न्हाई. बबलूला सांगा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिने मी ज्याच्यासाठी तोंड शिवून बसलो, दाढ उपटून घेतली, तो गावासमोर असं बोलतो. पुष्पाला म्हणालो, संपलं. आता बबलूच.

पुष्पा गव्हातले खडे काढत होती. मान वर न करता म्हणाली, “कचरूभाऊ रोज सकाळी पान्याच्या टाइमाला आपल्या घरावरून जातेत.”

“मंग जाऊ दे ना. रस्ता त्याच्या बापाचा हाय का माझ्या?”

“रोज इचारतेत, काल किती येळा आल्तं. मी सांगते. जालन्याला न्यायचं त्यांनीच मला म्हनलं, मंग मी संध्याला फोन केल्ता.” मग ताट उचलून आत गेली.

मी ओसरीवर बसून राहिलो. ती पाटी, ती रिकामी खुर्ची, तो तिळाचा भुगा, सगळं एक एक करून समोर आलं. भरलेल्या गाडीत एक माणूस विनातिकीट असला तर मला पाठीमागून कळायचं. आणि हे दोन महिने समोर असून कळलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

गाडी साडेसहाला आली. हार घातला, नारळ फोडला, पोरी चढल्या, गाडी गेली. कंडक्टर नवा होता. मी त्याला उगाच दोन सूचना केल्या, त्यानं ऐकल्यासारखं केलं.

बबलू स्टँडवर खुर्ची, पांढरा कपडा, मशीन घेऊन तयार. बद्रीनाथांनी माइक घेतला. मी त्यांना म्हणालो, “दाढी उतरंल, पण हितं न्हाई,” आणि चालायला लागलो.

कचरूचं घर दुकानाच्या मागेच. बनियनवर बाहेर आला.

“आज सोमवार हाय, तात्या.”

“म्हाइतेय. शटर उघड.”

त्यानं उघडलं. मी खुर्चीत बसलो. तो आत येईना, दारातच उभा. मी दोन दिवस मनात बोलणं जुळवलं होतं, ते सगळं विसरलो. आरशाकडे बघूनच बोललो. “कचरू, मला वाटलं तू मान फिरवली त्यानं झालं. तुला बोललो न्हाई, पण मनात तुझ्यावरच धरलं व्हतं. ते तसं न्हाई. डोक्यात एक रक्ताची नळी नसेवर बसलीय. मानेचा काई संबंध न्हाई, डॉक्टरनी सांगितलं. तुझ्या हाताचं काई न्हाई.”

त्यानं दारातून एक पाऊल आत टाकलं. मग म्हणाला, “नळीचं वहिनींनी सांगितलं व्हतं. मानेचं माझ्यासाठी सांगून राह्यले का?”

“डॉक्टरला फोन लावून देऊ का?”

“तुमी उडले तवाच मला कळलं,” तो म्हणाला. “डास चावल्यावर मानूस असा उडतो का? अठ्ठावीस वर्षं ह्यो गाल हाताखालून गेलाय. घरी जाऊन बायकोला म्हनलं, तात्याची नस माझ्या हातानं तुटली. त्या दिसापासून कुनाच्या मानेला हात लावला न्हाई.” त्यानं डोळे पुसले ते गिऱ्हाइकाच्या टॉवेलनं. एरवी तसं कुणी केलं असतं तर हाकलून दिलं असतं.

मी म्हणालो, “आता लाव हात. गालाला. मानेला नको, त्याला डॉक्टरची मनाई हाय.”

तो हसला. गॅसवर पाणी गरम केलं. डावी बाजू पाच मिनिटांत झाली. तोवर स्टँडवरचं सगळं गाव दारात येऊन उभं. बद्रीनाथ माइक घेऊन पुढे, त्याची वायर स्टँडवरच राहिलेली.

उजव्या बाजूला तो गालफडापासून आला, अगदी थोडं थोडं. ओठाच्या कोपऱ्याजवळ पोचला आणि वीज आली. मी हललो नाही, मला हलताच आलं नाही. पण वस्तरा माझ्या गालावर नव्हताच. माझ्या पापणीत काय दिसलं त्याला कोण जाणे, वीज यायच्या आत त्यानं हात उचलला होता. दुसरा हात मागे करून त्यानं दारातल्या लोकांना गप्प केलं. बद्रीनाथसुद्धा गप्प झाले.

“गेली?”

“गेली.”

परत वस्तरा टेकला. तेवढ्याशा जागेला अर्धा तास लागला. वीज आणखी दोनदा आली आणि दोन्ही वेळा तो आधीच थांबला होता. शेवटच्या वेळी मी डोळे उघडले तर आरशात तो दिसला, वस्तरा हवेत धरून, श्वास रोखून उभा. मी म्हणालो, “गेली, कचरू,” तेव्हा त्यानं श्वास सोडला.